पॅड किती ते मोजू नका, ग्रॅम मोजा

प्रश्न: माझं वय ६७. इंदूरला रामबागेत राहतो. साडेतीन महिन्यांपूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं रोबोटिक ऑपरेशन झालं. लघवीची नळी बाराव्या दिवशी काढली आणि त्या दिवसापासून लघवी गळते आहे. रात्री कोरडा असतो, सकाळी अकरापर्यंतही बरं असतं. दुपारनंतर मात्र खोकला आला, वाकलो, जमिनीवरून उठलो की गळलीच. दिवसाला चार पॅड लागतात. सांगितलेला व्यायाम दिवसभर जमेल तेव्हा करतो, फरक शून्य. पाणी निम्म्यावर आणलं आहे. नेहरू पार्कातलं फिरणं बंद, सानंद संस्थेचं नाटक बंद, मांडी घालून पूजा बंद. वापरलेले पॅड सुनेच्या नजरेला पडू नयेत म्हणून पिशवीत साठवतो आणि अंधार पडल्यावर कुठेतरी लांब टाकून येतो. आता पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी) ०.०४ वरून ०.१४ झाला म्हणून डॉक्टर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला सांगताहेत. शेकाने गळणं वाढतं असं ऐकलं आहे. चालू गोळ्यांची यादी सोबत आहे. हे थांबणार आहे का, आणि मी नेमकं काय करू?

उत्तर: काका, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून गेलात: रात्री कोरडं, सकाळी बरं, दुपारनंतर गळणं. यावरून बराचसा अंदाज बांधता येतो.

पुरुषाला लघवी धरून ठेवायला दोन झडपा असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी, ती आपोआप चालते. दुसरी प्रोस्टेटच्या खाली, तिच्यावर आपला ताबा असतो. प्रोस्टेट या दोघींच्या मधे, मूत्रनलिकेभोवती असते. ती काढताना वरच्या झडपेचा बराचसा भाग जातो आणि मूत्राशयाचं तोंड खाली मूत्रनलिकेला शिवून टाकतात. आता सगळा भार खालच्या झडपेवर. दोन पाळ्यांचं काम एकाच चौकीदारावर पडलं आहे. सकाळी तो ताजा असतो, संध्याकाळी पेंगतो. रात्री तुम्ही आडवे असता, पोटाचा दाब खाली येत नाही, म्हणून भागतं. रात्री कोरडं राहणं याचा अर्थ मूत्राशय लघवी साठवतं आहे आणि झडप बंद होते आहे. ती दमते, एवढंच. हे चांगलं लक्षण आहे.

बहुतेकांची गळती तीन ते सहा महिन्यांत पुष्कळ कमी होते आणि सुधारणा वर्षभर चालू राहू शकते. म्हणजे तुम्ही अजून वाटेत आहात. पण ‘वाट बघा’ एवढंच सांगून तुम्हाला घरी पाठवणं आम्हाला पटत नाही, कारण तुमच्या पत्रातल्या निदान चार गोष्टी आज बदलता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट मोजमापाची. ‘चार पॅड’ हे काही माप नाही. एक माणूस दोन थेंबांनी पॅड बदलतो, दुसरा गच्च भिजेपर्यंत थांबतो. चार पॅड म्हणजे ४० ग्रॅमही असतील आणि ६०० ग्रॅमही. या दोघांचे उपचार वेगळे, अंदाज वेगळा. म्हणून एक डिजिटल वजनकाटा आणा, स्वयंपाकघरातला असतो तसाच, पण वेगळा. कोऱ्या पॅडचं वजन लिहून ठेवा. मग नेहमीसारखा एक दिवस निवडा, ज्या दिवशी लग्न नाही की प्रवास नाही. सकाळी उठल्यापासून दुसऱ्या दिवशी उठेपर्यंत प्रत्येक वापरलेला पॅड लगेच झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करा. उघडा ठेवला तर वाळतो आणि वजन चुकतं. शेवटी सगळं तोला, कोऱ्या पॅडांचं आणि पिशव्यांचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मि.ली. चोवीस तासांत शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा कमी असेल तर गळती सौम्य म्हणतात, चारशेच्या वर गेली तर तीव्र. हे दर पंधरा दिवसांनी एकदाच करा. रोज तोलत बसणारा माणूस दोन ग्रॅमांनी सुद्धा खचतो.

सोबत तीन दिवसांची वही ठेवा. किती वाजता किती लघवी झाली (प्लास्टिकच्या खुणांच्या मगात मोजून), काय आणि किती प्यायलात, गळली तेव्हा काय करत होतात. ‘खोकलो’, ‘बादली उचलली’, ‘उठलो’ अशा नोंदी दिसल्या तर दोष झडपेचा. ‘घाई लागली आणि संडासापर्यंत पोचलोच नाही’ अशा नोंदी असतील तर दोष मूत्राशयाच्या अकारण आकुंचनाचा, आणि त्याला औषधं वेगळी असतात: सोलिफेनासिन, मिराबेग्रॉन वगैरे. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार दिसतो, पण शेकानंतर दुसराही येऊन मिळू शकतो. आजची वही तेव्हा तुलनेला उपयोगी पडेल.

आता व्यायाम. ‘दिवसभर जमेल तेव्हा करतो’ हीच मुळात अडचण आहे. जो स्नायू आधीच दुपारी दमतो त्याला तुम्ही दिवसभर आवळून ठेवता. पुष्कळ पुरुष तर चालतानाही खालून आवळूनच चालतात, आणि पाच वाजेपर्यंत स्नायूत काही उरत नाही.

आधी स्नायू बरोबर सापडला आहे का ते बघा. बाथरूममध्ये आरशासमोर कपडे काढून उभे राहा. लघवी मधेच तोडायची आहे आणि लिंग मुळापासून आत ओढून घ्यायचं आहे अशी कल्पना करून हलकेच आवळा. बरोबर जमलं तर लिंगाचं मूळ किंचित आत सरकतं आणि वृषण जरासे वर उचलले जातात. पोट आत गेलं, नितंब घट्ट झाले, मांड्या जुळल्या किंवा श्वास अडकला तर भलतंच काही आवळलं जात आहे. ‘वायू अडवल्यासारखं करा’ असं अनेकांना सांगितलं जातं. त्यात मागचा भाग जास्त आवळला जातो आणि पुढे मूत्रनलिकेभोवतीचा कमी. तुम्हाला तसंच सांगितलं असेल तर फरक का पडला नाही त्याचं एक कारण कदाचित इथेच मिळेल.

दिवसातून तीन वेळा करा, त्याहून जास्त नको. प्रत्येक वेळी दहा लांब आकुंचनं: सुरुवातीला पाच सेकंद धरायचं आणि पूर्ण दहा सेकंद सोडायचं. हे सोडणंही तितकंच महत्त्वाचं. जमत गेलं की दर आठवड्याला एकेक सेकंद वाढवत दहापर्यंत जा. मग दहा झटपट, आवळा-सोडा, आवळा-सोडा. पहिला आठवडा झोपून, पुढचा खुर्चीत बसून, मग उभ्याने, कारण तुमची गळती उभ्याने होते. श्वास चालू राहतो आहे का हे कळायला मोठ्याने आकडे म्हणा. लघवी करताना रोज धार तोडायचा व्यायाम करू नका; त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. आणि नळी आत असताना हा व्यायाम करायचा नसतो, हे ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी. अशा वाचकांनी ऑपरेशनच्या आधीच शिकून ठेवावा.

महिनाभर असं करूनही ग्रॅम जागचे हलले नाहीत, तर पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. ते हाताने तपासून किंवा मशिनवर दाखवून स्नायू कुठे चुकतो ते सांगतात. तुमच्या युरोलॉजिस्टकडूनच नाव घ्या. गुडघे-कंबरेच्या प्रत्येक फिजिओला हे काम येत नाही.

तीन वेळच्या व्यायामापेक्षाही आम्ही ज्याला जास्त किंमत देऊ ती सवय वेगळी आहे: दाब पडायच्या आधी क्षणभर आवळायचं. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका. शिंक, बादली, जिना, सगळीकडे हाच क्रम. जमिनीवरून उठण्याची रीतही बदला. मांडीवरून थेट पुढे झुकून उठलात तर पोट दाबलं जातं आणि झडप उघडते. आधी एका कुशीकडे वळा, एक गुडघा टेकवा, हात चौरंगावर किंवा खुर्चीवर ठेवा, आवळा, श्वास सोडत उठा, उभे राहिल्यावर सैल सोडा. पॅड लावून पूजा चालते की नाही हे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही, पण तासभर मांडी घालून मग एकदम उठण्यापेक्षा उंच पाटावर किंवा स्टुलावर बसून केलेली पूजा शरीराला सोपी जाते एवढं नक्की.

लघवी करून आल्यावर दोन मिनिटांनी चड्डीत काही थेंब उतरतात, तो प्रकार निराळा. ते झडपेतून आलेले नसतात, नलिकेच्या वळणात साचून राहिलेले असतात. लघवी झाल्यावर वृषणांच्या मागे बोटांनी हलकेच वर दाबून पुढच्या दिशेने, लिंगाच्या टोकाकडे निपटत आणा. दोनतीनदा केलं की ते बाहेर पडतात.

पाण्याचं. निम्मं पाणी तोडल्यावर लघवी घट्ट, गडद आणि उग्र होते. ती मूत्राशयाला टोचते, घाई वाढवते, पॅडला वास जास्त येतो, त्वचा जास्त सोलते आणि वर बद्धकोष्ठ. संडासला कुंथलं की तोच स्नायू खाली ढकलला जातो. दिवसाला दीड ते दोन लिटर प्या (हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर), मे महिन्यात त्याहून थोडं जास्त. पैकी दोन तृतीयांश दुपारी चारच्या आत. झोपण्याआधी दोन-तीन तास बंद. लघवीचा रंग फिका पिवळा असला की पुरेसं पोचलं समजा. चहा-कॉफी मात्र खरोखर कमी करा. दिवसाचे पाच कप दोनवर आणा आणि तेही सकाळीच. पोट साफ होत नसेल तर दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यातून, पण ते रात्री नको, संध्याकाळी सातलाच घेऊन टाका म्हणजे पाणी झोपेच्या आड येणार नाही. आणि ‘उगाच भीती नको’ म्हणून दर अर्ध्या तासाला जाऊन येत असाल तर ते थांबवा. थोडीशी लघवी झाली तरी घाई लागायची मूत्राशयाला सवय लागते. दोन जाण्यांमधलं अंतर दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी वाढवत अडीच-तीन तासांवर न्या.

गोळ्यांची यादी बघून आम्ही थबकलो. त्यात टॅम्सुलोसिन आहे. प्रोस्टेट वाढल्यावर लघवीची वाट सैल करायला ती देतात. तुमची प्रोस्टेट आता नाही आणि सैल करायला नको, आवळायला हवं आहे. नळी काढल्यावर लघवी अडली होती म्हणून मुद्दाम चालू ठेवली असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर जुन्या चिठ्ठीवरून ती तशीच पुढे चालत आली असण्याची शक्यता आहे. युरोलॉजिस्टना स्पष्ट विचारा. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल आहे. त्याने काहींना कोरडा खोकला लागतो. तुमच्या पत्रातही खोकला आला आहे. तो गोळीचा असेल तर फिजिशियन गोळी बदलून देतील आणि प्रत्येक खोकल्यागणिक होणारी गळती तशीच कमी होईल. साखरेसाठी डॅपाग्लिफ्लोझिन आहे. ती लघवीवाटे साखर बाहेर काढते, त्यामुळे लघवीचं प्रमाण वाढतं आणि ओल्या पॅडमध्ये ती साखर बुरशीला खाद्य मिळाल्यासारखी होते. जांघेत किंवा शिश्नमण्यावर लाली, खाज, पांढरा थर दिसला तर पावडर मारत बसू नका, दाखवा. ही गोळी हृदय आणि किडनीसाठीही देतात, तेव्हा यातली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. प्रश्न लिहून न्या.

पॅडबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच पैसे आणि इभ्रत दोन्ही वाया जाताना दिसतात. घरात आहेत म्हणून बायकांचे सॅनिटरी नॅपकिन लावतात. ते घट्ट, सावकाश येणाऱ्या रक्तासाठी बनवलेले असतात. लघवी पातळ आणि झटक्यात येते, ती वरून वाहून जाते. दुसरं टोक म्हणजे टेपचा मोठा डायपर, तुमच्या वर्णनाच्या मानाने अवजड आणि दुपारच्या उकाड्यात जांघा उकडणारा. मधला प्रकार म्हणजे पुरुषांसाठीचे गार्ड: पुढे खोलगट, मागे चिकटपट्टी. केमिस्टकडे बहुधा मागवावे लागतात, ऑनलाइन मिळतात. सैल पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत ते सरकतात. अंगाला बसणारी व्ही आकाराची चड्डीच हवी आणि लिंग खाली, गार्डच्या खोलगट भागात राहायला हवं. वर राहिलं तर गार्ड कोरडा आणि पँट ओली. सकाळी पातळ, दुपारनंतर जास्त शोषणारा, अशी वाटणी केली तर खर्च कमी होतो. रात्री कोरडे असाल तर लावूच नका, त्वचेला हवा लागू द्या. अंथरुणावर धुता येणारी शीट टाकली की मनही निवांत.

ओला झाला की बदला, नाहीतरी तीन-चार तासांनी बदलाच. दर वेळी साबण नको. साध्या पाण्याने धुवा, न घासता टिपून कोरडं करा, मग झिंक ऑक्साइडच्या मलमाचा अगदी पातळ थर. जाड लावलं तर ते पॅडवर जाऊन बसतं आणि पॅड शोषेनासा होतो. टाल्कम पावडर ओलीने गोळा होते आणि जांघ कापते. कपडे आधी थंड पाण्यात. गरम पाण्याने वास पक्का बसतो.

आणि ते अंधारात लांब टाकून येणं आजपासून बंद करा. इंदूरच्या कचरागाडीला सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, लहान मुलांचे डायपर आणि नॅपकिन त्यातच जातात. पॅड आतल्या बाजूला गुंडाळा, त्याच्याच चिकटपट्टीने बंद करा, वर्तमानपत्रात बांधा आणि झाकणाच्या छोट्या डब्यात टाका. गाडी आली की तो पुडा त्या कप्प्यात. कोणी उघडून बघत नाही. संडासात टाकाल तर मात्र प्लंबर बोलवावा लागेल आणि मग साऱ्या वाड्याला कळेल. सुनेला एका वाक्यात सांगून टाका की हा डबा माझा आहे. घरात नातवंडाचा डायपर चालतो, आजोबांचा का नाही, हे आम्हाला कधीच समजलेलं नाही.

नाटकाला जा. कडेची खुर्ची, गडद रंगाची पँट, निघण्यापूर्वी एकदा आणि मध्यंतरात एकदा, मध्यंतरातला चहा सोडून. दोन-अडीच तासांसाठी दोन साधनं आहेत. एक पेनाइल क्लॅम्प: फोम लावलेला चिमटा लिंगाच्या मधोमध बसतो आणि नलिका दाबून धरतो. गळती थांबेल इतकाच, त्याहून घट्ट नाही. दर दोन तासांनी काढायचाच, झोपताना कधीच नाही. रंग निळसर पडला, सूज आली किंवा बधिरपणा वाटला तर ताबडतोब काढा. तुम्हाला मधुमेह आहे, तेव्हा खालच्या भागातली संवेदना शाबूत आहे ना हे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय क्लॅम्प लावू नका. दुखलंच नाही तर इजा कळणार नाही.

दुसरं कंडोम कॅथेटर, पुण्याच्या रात्रीच्या गाडीसारख्या लांब प्रवासाला जास्त बरं. निरोधसारखं आवरण, खाली नळी आणि पोटरीला बांधायची पिशवी. ते निसटण्याची दोन कारणं असतात: माप चुकलेलं आणि केस. घेण्यापूर्वी लिंगाच्या बुडाचं माप पाकिटातल्या कागदी पट्टीने घ्या. २५, ३०, ३५ मि.मी. असे आकार असतात. केस कात्रीने बारीक करा, वस्तरा नको. त्वचा कोरडी, मलम-तेल काही नको. टोकाशी दोनेक सें.मी. जागा मोकळी सोडून गुंडाळत वर चढवा, मग अर्धा-एक मिनिट मुठीत धरून चिकटू द्या. बाहेरून साधी चिकटपट्टी गोल आवळून लावू नका, रक्तपुरवठा थांबतो. चोवीस तासांनी बदला. पोटरीची पिशवी निम्मी भरली की रिकामी करा. जड झाली की ओढ बसून आवरण निघतं.

वर्षभरानंतरही गळती त्रास देत असेल तर ऑपरेशनचा विचार होतो; सुधारणा अगदीच थांबली असेल तर सहा महिन्यांनंतरही चर्चा सुरू करता येते. सौम्य ते मध्यम गळतीला स्लिंग, म्हणजे नलिकेला खालून आधार देणारी पट्टी. शेक झालेल्यांना मात्र तिचा भरवसा कमी. तीव्र गळतीला कृत्रिम झडप: नलिकेभोवती पाण्याने भरलेला पट्टा, अंडकोशात छोटा पंप, पोटात फुगा. पंप दाबला की पट्टा सैल होतो, लघवी होते, काही मिनिटांत पट्टा आपोआप पुन्हा भरतो. बसवल्यावर सुमारे सहा आठवडे तो चालू करत नाहीत. बोटांत पंप दाबण्याइतकी ताकद हवी, खर्च लाखांत, आणि वर्षांनुवर्षांनी भाग बदलावे लागू शकतात. ज्यांना बसवला आहे त्यांनी तशी चिठ्ठी पाकिटात ठेवावी. इमर्जन्सीत कोणी पट्टा सैल करून न ठेवता नळी घातली तर नलिका फाटू शकते.

काही गोष्टींसाठी पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. लघवी पूर्ण अडली, थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गुठळ्या पडल्या, पायांत अचानक अशक्तपणा किंवा बधिरपणा आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल. धार बारीक होत चालली आहे, जोर करावा लागतो आणि रात्रीही थेंब थेंब येतंय, असं दिसलं तर शिवलेली जागा आकसली असू शकते. तेव्हा मूत्राशय भरून वाहत असतं, आणि अशा वेळी कितीही व्यायाम केला तरी उपयोग नाही. दुर्बिणीतून बघावं लागतं.

राहिला शेक. ऐकलंत ते अर्धं खरं आहे. शेक सुरू झाल्यावर गळतीतली सुधारणा मंदावते, काहींची तिथेच थांबते. म्हणून पूर्वी ऑपरेशननंतर लगेच सरसकट शेक देत, तसं आता बहुतेकांना देत नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॅडिकल्स’ या अभ्यासात दोन गट केले होते: एकाला ऑपरेशनपाठोपाठ शेक, दुसऱ्याला पीएसए वाढला तरच. कॅन्सर आटोक्यात राहण्यात थांबलेला गट मागे पडला नाही, आणि वर्षाने पाहिलं तर लघवीच्या गळतीचा त्रास लगेच शेक घेतलेल्यांना जास्त होता. तुमचे डॉक्टर आधीच दुसऱ्या वाटेने चालले आहेत. पण ‘पूर्ण कोरडा झाल्याशिवाय शेक घेणार नाही’ असा हट्ट धरू नका. पीएसए कमी असताना, साधारण ०.५ च्या आत, शेक जास्त लागू पडतो. तुमचा ०.१४ आहे. पीएसए किती वेगाने वाढतो आहे आणि ऑपरेशनच्या रिपोर्टमध्ये काय आहे त्यावर काही आठवड्यांची सवलत मिळते की नाही ते ठरेल. ग्रॅमची वही घेऊन जा आणि थेट विचारा: गळती दर पंधरवड्याला अशी कमी होते आहे, सहा आठवडे थांबलो तर काय जोखीम? ‘नाही’ म्हणाले तर सुरू करा.

एकूण बैठका बहुधा २० ते ३३, आठवड्याला ५. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जळजळ, वारंवार लागणं, घाई सुरू होते आणि संपल्यानंतर काही आठवड्यांत निवळते. व्यायाम चालूच ठेवायचा. सोबत हार्मोनचं इंजेक्शन दिलं तर स्नायू ढिले पडतात, म्हणून नेहरू पार्क पुन्हा सुरू करा. त्या दिवसांत कुठलं मलम चालेल ते तिथल्या तंत्रज्ञांनाच विचारा.

तुमची खरी अडचण वेगळीच होणार आहे, आणि ती बहुधा आधी कोणी सांगत नाही. शेकाच्या टेबलावर मूत्राशय रोज सारखंच भरलेलं लागतं, म्हणजे त्याचा बराचसा भाग आणि आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला राहतात. सहसा लघवी करून येऊन ३५० ते ५०० मि.ली. पाणी प्यायला लावतात आणि अर्धा-पाऊण तास थांबवतात. गळणाऱ्या माणसाला हे अवघड जातं, आणि रोज कमी-जास्त भरलं तर नियोजन बिघडतं. म्हणून वेळ सकाळची मागा, दुपारची घेऊ नका. तुमची झडप तेव्हाच ताजी असते. नियोजनाच्या सीटी स्कॅनच्या तीन-चार दिवस आधी घरी रंगीत तालीम करा. लघवी करा, ४०० मि.ली. पाणी प्या, खुर्चीत बसून राहा, चाळीस मिनिटांनी उठून दहा मिनिटं सपाट झोपा, मग मगात लघवी करून मोजा आणि पॅडही तोला. दोन दिवस करा. किती मि.ली. राहतं आणि किती गळतं हे दोन आकडे स्कॅनच्या आधी सांगा. कमी भरलेल्या पण रोज सारख्या मूत्राशयावर नियोजन करता येतं का, किंवा त्या अर्ध्या तासापुरता क्लॅम्प चालेल का, हे त्यांना तेव्हाच ठरवता येईल. स्कॅन होऊन गेल्यावर बदलायचं म्हटलं तर सगळं पुन्हा करावं लागतं.